अर्धी बादली युरिया

सकाळी नऊच्या सुमाराला मोरीतल्या नळाने घसा खाकरला. आधी नुसती हवा, मग दोन ठसके, मग पितळी कळशीच्या बुडावर पडलेला पहिला थेंब: टण्ण.

"आलं!" अजीजाबींनी आरोळी ठोकली आणि हातातली तसबीहची माळ खुंटीला अडकवली.

सोलापुरात पाणी रोज येत नाही. रोज यायला ते काय पेपरवाला आहे? ते जावयासारखं येतं. चार-पाच दिवसांनी, स्वतःच्या मर्जीने. आणि आलं की घरादाराने हातातलं टाकून त्याच्या दिमतीला उभं राहायचं. अजीजाबींची तर या बाबतीत जवळजवळ शरियतच होती: पाण्याच्या दिवशी रिकामं भांडं दिसलं की भरायचं, अर्धं दिसलं की पुरं करायचं. हंडे, कळशा, पिंप, डालड्याचे जुने डबे, पाहुण्यांसाठीचे काचेचे ग्लास, एकदा तर नातीची, समराची, बालवाडीची पाण्याची बाटली आणि तिच्यासोबत डब्याचा चमचाही.

याच शरियतीपायी त्यांच्या मुलाचा, सोहेबचा, उजवा हात गेला महिनाभर प्लास्टरमध्ये होता. ज्या माणसाने मालाने भरलेला ट्रक घेऊन कितीतरी घाट उतरले, एका कुत्र्यालाही कधी धक्का लावला नाही, तो माणूस स्वतःच्या उंबऱ्यावरच्या हंड्याला अडखळून पडला. बाहेर तो "ताडपत्री बांधताना घसरलो" असं सांगे, आणि शेजारी उभी असलेली त्याची बायको कौसर गंभीरपणे मान डोलवे. संसार म्हणजे तरी दुसरं काय असतं?

आता ट्रक एकच, पण त्याच्या पाठीवर 'समरा रोडलाइन्स' असं लिहिलेलं. अनेकवचन हे उमेदीसाठी असतं. सोहेबचा हात मोडल्याची खबर लागताच टेंभुर्णीहून त्याचे थोरले भाऊ हमजाभाई आले. त्यांच्याकडे तीन गाड्या आणि सल्ले त्याहून जास्त. चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "गाडी माझ्याकडं आणून लाव. हात बरा झाला की घेऊन जा."

हमजाभाईंकडे सांभाळायला दिलेली वस्तू हा खानदानातला जुना विषय होता. अजीजाबींचं शिलाई मशीन सात वर्षं त्यांच्याकडे 'सांभाळायला' होतं. धाकट्या मामूंची मोटारसायकल तर सांभाळता सांभाळता त्यांच्या मुलाच्या नावावर झाली होती.

"गाडी मी बघते," कौसर म्हणाली.

हमजाभाई हसले. वाईट असं हसले नाहीत; लहान मुलगी 'मी विमान चालवणार' म्हणाली की हसतात तसे. "बघ की. बुधवारी चिंचोळीच्या कारखान्यात टॉवेलचा माल भरायचाय ना? चारच्या आत गाडी गेटवर लागली, तर मी तोंड उघडणार नाही. नाही लागली, तर गुरुवारी माझा माणूस चावी न्यायला येईल."

आज तो बुधवार होता.

कौसरने तयारीत काही कमी ठेवलं नव्हतं. शोरूममधून आल्यापासून प्लास्टिकमध्येच असलेलं गाडीचं दोनशे चौदा पानांचं पुस्तक तिने समरा दुपारी झोपली की थोडं थोडं करत वाचून काढलं होतं. सोलापूर जिल्ह्यात ते पुस्तक संपूर्ण वाचलेली ती बहुधा एकटीच. त्यातून तिला कळलं की नव्या गाड्यांचं नुसत्या डिझेलवर भागत नाही. त्यांना आणखी एक पेय लागतं. काचेसारखं स्वच्छ, दिसायला अगदी पाणी. कंपनीने त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलंय, रस्त्यावर सगळे त्याला युरिया म्हणतात. त्याची टाकी वेगळी, लहान, निळ्या झाकणाची. ते धुरातला विखार मारतं. ते संपलं किंवा त्यात काही भेसळ झाली की गाडी रुसते. आधी दिवा लावते, मग पीं पीं करते, आणि तरी कुणी लक्ष दिलं नाही तर बैलगाडीच्या चालीने चालायला लागते. सासुरवाशिणीला इतक्या पायऱ्यांनी रुसायची सोय कुणी करून दिलीय?

युरियाचा दिवा कालपासून लागलेला होता. बदली ड्रायव्हर चन्नप्पा बाराला येणार होता. त्याआधी टाकी भरायची, एवढंच काम. परसात पिंपांच्या शेजारी वीस लिटरची पांढरी बादली होती. "अर्धी शिल्लक आहे बघ त्यात," सोहेब गॅलरीतून म्हणाला. प्लास्टर घातल्यापासून तो गॅलरीत खुर्ची टाकून बसे आणि तिथूनच जग चालवी.

बादली उचलली तर चांगलीच जड लागली. 'वय झालं आपलं,' एकोणतीस वर्षांच्या कौसरच्या मनात येऊन गेलं. झाकण उघडलं तर गळ्यापर्यंत भरलेली. पण त्याचंही तिला नवल वाटलं नाही. सोहेबचं 'अर्धं' म्हणजे काय हे तिला निकाहनंतर आठवड्याभरात कळलं होतं. अर्ध्या तासात येतो म्हणजे संध्याकाळी, अर्धी पोळी दे म्हणजे तीन.

ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा. कौसर स्टूल, बादली, नवं कोरं नरसाळं आणि बालवाडीतून सुटलेली समरा असा लवाजमा घेऊन तिथे पोचली, तोवर समोरचे त्रिंबककाका गळ्याला मफलर गुंडाळून हजर झाले होते. त्रिंबककाका भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त. तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्यामुळे पृथ्वीवरच्या कुठल्याही वस्तूबद्दल आपल्याला बोलायचा हक्क आहे, अशी त्यांची समजूत होती.

"काय हो कौसरबाई, काय चाललंय?"

"युरिया भरतेय, काका."

"युरिया! अन् त्याला एवढा थाट? आमच्या भावाच्या शेतात पोती पडल्यात की. दोन ओंजळी पाण्यात कालवायचा, काठीनं ढवळायचा, झालं."

"तो पिकाचा, काका. हा गाडीचा."

"नायट्रोजन तो नायट्रोजनच. पिकाचा वेगळा अन् गाडीचा वेगळा असं सातबाऱ्यावर कुठं लिहिलंय?" काकांनी ट्रकभोवती एक फेरी मारली. "अन् ह्या चिमुकल्या टाकीत कशाला? त्या मोठ्या टाकीत ओता सरळ. पोटात जाऊन सगळं एकच होतंय की."

"काका!" गॅलरीतून सोहेब इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली. "ती डिझेलची टाकी आहे! डिझेलमध्ये थेंब जरी गेला ना, तर इंजिन खोलावं लागेल!"

"ओरडता कशाला? मी आपलं सुचवलं," काका म्हणाले आणि मफलर घट्ट केला. ऑफिसातही ते असंच सुचवायचे, आणि मग तो अर्ज तीन वर्षं फिरायचा.

कौसरने निळं झाकण उघडलं, समराने दोन्ही हातांनी नरसाळं धरलं, आणि अगदी पुस्तकातल्या पान एकशे एकोणचाळीसप्रमाणे, बारीक धारेने, न सांडता, वीसच्या वीस लिटर आत गेलं. ओढणीवर चार थेंब उडाले तेवढेच. शेवटी तिने टाकीभोवती फडकं फिरवलं, समराने फोटो काढला, आणि कौसरने तो स्टेटसवर टाकला: 'युरिया भरला.' टेंभुर्णीहून एक अंगठा आला. नुसता अंगठा. पण त्या अंगठ्याला एक भुवई होती, असं कौसरला वाटलं.

बाराला चन्नप्पा आला. अक्कलकोटच्या पलीकडचा, तीस वर्षं स्टीअरिंग धरलेला, बोलायला लागला की मराठीचा गिअर बदलून कन्नडात जाणारा माणूस. त्याने केबिनमध्ये बसून किल्ली फिरवली. दिवा विझायला हवा होता. विझला नाही. उलट त्याच्या शेजारी आणखी एक लागला, आणि गाडीने केकाटायला सुरुवात केली.

"अय्यय्यो," चन्नप्पा म्हणाला. "अक्का, हिच्या पोटात कायतर बिघडलंय. काचेवर लिहून दाखवतीय बघ. इंग्लिशमधी शिव्या देतीय."

कौसरने वर चढून वाचलं. युरियाचा दर्जा खराब आहे, असं गाडीचं म्हणणं होतं. आता वेग आपोआप विसावर येणार, आणि तरी ऐकलं नाही तर गाडी पुढे सुरूच होणार नाही.

"चार वाजायला किती?" गॅलरीतून आवाज आला. या वेळी त्यात हुकूम नव्हता.

कौसरने कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला. नऊ मिनिटं सनई वाजली. मधूनमधून एक बाई सांगत होती की तुमचा कॉल आम्हाला फार महत्त्वाचा आहे. इतका महत्त्वाचा, की उचलून तो खर्ची घालायला त्यांचं मन होत नसावं. शेवटी एकदाचा खरा माणूस बोलला.

"नमस्कार, मी महेश्वरी. वाहन आपल्या नावावर आहे का मॅडम?"

"मिस्टरांच्या."

"मग सरांना लाइनवर घ्या."

सरांना लाइनवर घेतलं. सरांनी डाव्या हातात फोन धरून सगळी हकीकत सांगितली. महेश्वरीने शांतपणे ऐकून घेतलं. "सर, आपल्या नोंदणीकृत मोबाइलवर एक ओटीपी पाठवला आहे. तेवढा सांगा, म्हणजे तक्रार नोंदवता येईल."

सोहेबने फोन पाहिला. कौसरने फोन पाहिला. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गाडी घेताना शोरूममध्ये पुढे होते हमजाभाई. फॉर्मवर नंबर टाकला होता हमजाभाईंनी. आणि तो होता हमजाभाईंचा.

"नको मॅडम," कौसर घाईने म्हणाली. "गाडी बरी झाली."

"आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये किती गुण..." कौसरने फोन ठेवला. तेवढ्यात टेंभुर्णीहून मेसेज आलाच: 'कसला ओटीपी?' तिने लिहिलं, 'सर्व्हे चाललाय, भाईजान.' खोटंही नव्हतं. गुण विचारत होतेच ते.

आता एकच आधार उरला, दोनशे चौदा पानं. ट्रकच्या पायरीवर बसून कौसरने पान एकशे त्रेसष्ट काढलं. भोवती चन्नप्पा, त्रिंबककाका, समरा आणि चुलीवरचं टाकून आलेल्या अजीजाबी.

"संभाव्य कारणं," ती वाचू लागली. "एक, द्रवात पाणी मिसळलं गेलं असणं."

त्रिंबककाका खो खो हसले. "सोलापुरात? हितं दुधात मिसळायला पाणी मिळंना, युरियात कोण घालतंय!"

सगळे हसले. अजीजाबी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला.

"ती पांढरी बादली?" त्या म्हणाल्या. "परसातली?"

कौसरने पुस्तक हळूच मिटलं.

"अगे, अर्धीच होती ना ती! पाण्याच्या दिवशी अर्धी बादली ठेवून तुम्ही सगळे निवांत. मी झाकण काढून बघितलं, साफ पाणी. मग वरून पुरी केली. फडक्यातून गाळून ओतलं हां, असंतसं नाही."

"अम्मा," गॅलरीतून सोहेबचा आवाज चिरकला, "युरिया होता तो!"

"मग वर लिहायचं नाही का?"

"लिहिलंय अम्मा! एवढ्या मोठ्या अक्षरात!"

"इंग्लिशमध्ये लिहिलं म्हणजे लिहिलं होतं व्हय?" अजीजाबी म्हणाल्या. जिच्या घरात उभ्या जन्मात पाणी वाया गेलं नाही, तिने अर्धी बादली पाहून गप्प बसायचं, ही अपेक्षाच मुळी चुकीची. पण एवढं भांडून झाल्यावर त्यांचा आवाज उतरला. 'हमजाला कळलं तर' एवढंच पुटपुटल्या आणि पायरीवर सुनेच्या शेजारी टेकल्या. कौसरने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. रागवायचं होतं, पण आता त्याला वेळ नव्हता. एक वाजून गेला होता.

"चन्नप्पामामा, टाकी रिकामी होईल?"

"होईल की. खाली बूच आहे. पण घमेलं द्या, नाहीतर गल्लीचा तलाव होतोय."

चन्नप्पाने गाडीखाली आडवं होऊन बूच फिरवलं आणि स्वच्छ, चकचकीत धार सुटली. घमेलं भरलं, दुसरं भरलं, तिसऱ्याच्या बाहेर ओहोळ लागला. पाण्याच्या दिवशी सोलापूरच्या गल्लीत धार लागली म्हणजे काय होतं, हे पुस्तकाच्या एकाही पानावर नव्हतं. कोपऱ्यावरची ईरम्मा दोन घागरी घेऊन पळत आली. तिच्या मागून आणखी चौघी.

"गाडीतून पाणी सुटलंय!"

"पाणी नाही ते!" कौसर हात पसरून आडवी उभी राहिली. "गाडीचं औषध आहे! प्यायचं नाही, स्वैपाकाला नाही!"

"बरं, मग भांडी घासायला चालतंय का?" ईरम्माने घागर खाली ठेवली नव्हती. नळाला नंबर लावून हरलेल्या बाईचा चेहरा होता तो.

"ईरम्मावहिनी, हात चिकट होतात नुसते. वासही बघा."

ईरम्माने वास घेतला आणि घागर आपोआप मागे गेली. त्रिंबककाका मात्र तीन कॅन घेऊन पुढे सरसावले. "मी म्हणालो नव्हतो, नायट्रोजन तो नायट्रोजनच? आमच्या गुलाबाला होईल." त्यांनी मोजणीदाराच्या काटेकोरपणाने कॅन भरून नेले. आठवड्याभरात तो गुलाब काळा पडला. त्यावर त्यांचं म्हणणं, आजकालच्या गुलाबांनाच पचनशक्ती नाही.

कौसर स्कूटर काढून हायवेवरच्या दुकानात गेली. दुकानदाराने तिच्या मागे कुणी पुरुष दिसतो का ते पाहिलं, दिसला नाही, मग हवेलाच विचारलं, "भाऊ नाही आले?"

"भाऊ गॅलरीत आहेत. सीलबंद बादली द्या."

तिने बादलीचं सील तपासलं, तारीख वाचली, झाकण ओढून पाहिलं, बूड हलवून पाहिलं. "ताई, मुलगी बघायला आलात का?" दुकानदार म्हणाला.

"मुलगी बघताना एवढं कोण बघतं?" कौसर म्हणाली आणि वीस लिटर पायांशी घेऊन, गुडघे दोन्हीकडे फाकवून, मान मात्र ताठ ठेवून परत आली.

येऊन पाहते तर अजीजाबी नरसाळं पुसत बसलेल्या. पाण्याने नव्हे, पाण्याचं नाव त्यांनी दिवसभरापुरतं टाकलं होतं, तर ईदच्या कोऱ्या ओढणीच्या पदराने. "थेंब नाही राहिला," त्या म्हणाल्या. "बघ बेटा, सुकं खडखडीत."

नवा युरिया आत गेला. किल्ली फिरवली. दोन्ही दिवे तसेच.

"तिचा विश्वास बसायला वेळ लागतोय, अक्का," चन्नप्पा म्हणाला. "एकदा फसवल्यावर लगेच कशी बोलंल? थोडी चालवून बघू."

पुस्तकाचंही तेच मत होतं. पण तोवर वेग विसाचा. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं. गेटपासचा आकडा कौसरच्या मोबाइलवर आलेला, म्हणजे जाणं तिलाच भाग. समरा आधीच केबिनमध्ये चढून बसली होती. सोहेब गॅलरीतून खाली आला, डाव्या हाताने दाराची कडी धरली, चढायला पाहिलं, जमलं नाही. दिवसभर हुकूम सोडणारा तो पायरीशीच उभा राहिला. शेवटी म्हणाला, "पाणी घेतलंस का बरोबर?"

सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं.

"प्यायचं," तो पुटपुटला.

पुणे हायवेवर विसाच्या वेगाने ट्रक चालवणं म्हणजे वरातीत उलटं चालण्यासारखं असतं. प्रत्येक जण बघून जातो. आधी मोटारी गेल्या, मग मोपेडवर शेळी घेऊन चाललेला एक गृहस्थ गेला. शेळीने वळून पाहिलं. मग दोन ट्रॉल्या उसाच्या लावलेला ट्रॅक्टर गाणी वाजवत मागून आला, हॉर्न दिला, आणि समरा रोडलाइन्सला ओव्हरटेक करून पुढे गेला. तीस वर्षांच्या नोकरीत चन्नप्पाला ट्रॅक्टरने कधी मागे टाकलं नव्हतं. केगाव आलं तसा त्याने खांद्यावरचा टॉवेल तोंडाला गुंडाळला.

"मामा, दिसतंय ना तुम्हाला?" कौसरने विचारलं.

"मला दिसतंय. मी कुणाला दिसू नये म्हणून."

फोन वाजला. हमजाभाई. "कुठं पोचलीस?"

"रस्त्यात आहे, भाईजान."

"एवढा वेळ? काय वेगानं चाललाय?"

"कायद्यानं चाललोय," कौसर म्हणाली.

पाकणीचा फाटा मागे गेला. साडेतीन झाले, तीन चाळीस झाले. कौसरची नजर रस्त्यावर नव्हतीच. ती त्या दोन दिव्यांवर होती. गुरुवार सकाळ तिला दिसायला लागली होती: दारात टेंभुर्णीचा माणूस, त्याच्या बोटात फिरणारी किल्ली, आणि 'बघ, मी म्हणालो होतो' हे न म्हणता म्हणणारा तो अंगठा. कोंडीच्या अलीकडे समरा म्हणाली, "अम्मी, एक डोळा मिटला."

एक दिवा विझला होता. पाहता पाहता दुसराही विझला. चन्नप्पाने तोंडावरचा टॉवेल सोडला, कन्नडात देवाला की गाडीला काहीतरी म्हणाला, आणि पाय दाबला. तो उसाचा ट्रॅक्टर त्यांनी मागे टाकला तेव्हा त्याने विनाकारण तीनदा हॉर्न दिला. कौसरने त्याला अडवलं नाही.

गेटवर तीन वाजून चोपन्न मिनिटांनी गाडी लागली. खिडकीतल्या कारकुनाने रजिस्टर पुढे ओढलं.

"ड्रायव्हर?"

"चन्नप्पा."

"बाई कोण?"

"मालकीण," कौसर म्हणाली.

कारकुनाने पेनाने रकाने मोजले. "मालकिणीचा रकाना नाही. ड्रायव्हर आणि क्लीनर, दोनच. त्यातलं एक सांगा."

"पण मी..."

"मॅडम, चारला रजिस्टर बंद होतं."

दोनशे चौदा पानं, एक ओटीपी, दोन बादल्या, एक सासू आणि एक ट्रॅक्टर पार करून आलेली कौसर रजिस्टरवर वाकली. मग तिने पेन घेतलं आणि नेटक्या अक्षरात लिहिलं: क्लीनर, कौसर. वेळ तीन छप्पन्न. त्या ओळीचा फोटो काढून टेंभुर्णीला पाठवला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: 'ठीक.' या वेळी अंगठा नव्हता. चावी न्यायला उद्या कुणी येणार नव्हतं.

माल भरायला गाडी आत लागली. हमाल टॉवेलचे गठ्ठे चढवत होते. प्रत्येक गठ्ठ्याला केबिन थोडी खाली बसायची, जणू गाडी मान डोलावत होती. सोहेबचा फोन आला. त्याच्या आवाजात हसू मावत नव्हतं.

"अम्मा दारात उभी राहून गल्लीला सांगतेय, माझ्या सुनेनं गाडी नेली म्हणून! आणि ऐक, डॉक्टर म्हणाले, अजून पंधराच दिवस. प्लास्टर निघालं की मीच बसतो गाडीवर. मग सुटलीस तू या कटकटीतून."

"हो," कौसर म्हणाली. त्याने ते प्रेमानेच म्हटलं होतं, हे तिला ठाऊक होतं. तिने फोन ठेवला आणि उगीचच फडकं घेऊन समोरची काच पुसायला लागली. काच स्वच्छच होती.

समरा सीटवर मांडी घालून आईकडे पाहत होती. तिने विचारलं,

"अम्मी, अब्बूचा हात बरा झाला, की मग तू गाडीतली कोण?"